काचबिंदूच्या डोळ्यात नवं बुबुळ

बुबुळाचं (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचं) प्रत्यारोपण ठरलं की घरचे विचारतात, 'नवं बुबुळ स्वच्छ राहील ना?' काचबिंदू असेल तर त्याआधी दृष्टिचेतेची, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची, चौकशी करा. ती वाळली असेल तर पुढची काच लख्ख होऊनही नजर फारशी येणार नाही. गढूळ बुबुळातून आतलं काही दिसत नाही, त्यामुळे जुन्या फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका मोजणारी तपासणी), बाहुलीची हालचाल आणि चारही बाजूंचा उजेड ओळखता येतो का, यावरूनच अंदाज बांधतात. जुनी फाइल रद्दीत घालू नये ती म्हणूनच.

बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तो सतत पाणी उपसतो. मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० पेशी असतात. त्या ५००च्या आसपास आल्या की उपसा पुरत नाही आणि बुबुळ सुजतं. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत. काचबिंदूसाठी डोळ्यातलं पाणी बाहेर नेणारी नळी बसवली असेल तर हा थर लवकर झिजतो, टोक बुबुळाला लागत असेल तर फारच. म्हणून शक्य तिथे नळी आयरिसच्या (डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या) मागे नेतात.

डीसेक किंवा डीमेक या प्रत्यारोपणाच्या प्रकारांत फक्त आतला थर बदलतात आणि तो हवेच्या किंवा गॅसच्या बुडबुड्याने दाबून चिकटवतात. इथे नळी किंवा ट्रॅबची (काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत पाण्यासाठी केलेली) वाट आडवी येते: हवा तिथून निसटते, थर सुटतो, पुन्हा हवा भरावी लागते. बुडबुड्याने थर दाबलेला राहावा म्हणून उताणं झोपण्याबाबत हयगय नको.

मग स्टेरॉइडचे थेंब. नवं बुबुळ शरीराने नाकारू नये म्हणून ते हवेतच, पण काहींच्या डोळ्यातलं प्रेशर त्यांनीच चढतं. तेव्हा डॉक्टर सौम्य स्टेरॉइड देतात किंवा काचबिंदूचं औषध वाढवतात. 'प्रेशर वाढलं' म्हणून स्टेरॉइड आपल्या मनाने थांबवणं ही सगळ्यात महागडी चूक. डॉर्झोलामाइड (काचबिंदूचे थेंब) चालू असेल तर तेही सांगा. पेशी आधीच कमी असलेल्या बुबुळाला ते कधीकधी सोसत नाही.

प्रेशरचा आकडाही डोळे झाकून मानू नये. सुजलेल्या बुबुळावर प्रेशर मोजायचं नेहमीचं गोल्डमन यंत्र कमी आकडा दाखवू शकतं, व्रण असेल तर जास्त. टोनोपेनने (प्रेशर मोजायच्या पेनासारख्या यंत्राने) पुन्हा मोजून घ्यावं, आणि दर वेळी त्याच यंत्राने.

लाली, उजेड न सोसणं, दुखणं, नजर धूसर होणं, यातलं एकही जाणवलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका.