लेकर्सच्या कोचची वाट बघत काढलेले 48 दिवस

30 एप्रिल 2024, मंगळवार, सकाळचे दहा वाजत आलेले. ऑफिसचा लॅपटॉप समोर उघडा आणि मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला, त्यात एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमधली (बाद फेरीतली) आमच्या लेकर्सची डेन्व्हरबरोबरची पाचवी मॅच. स्कोअर 106-106 आणि शेवटचे चार सेकंद राहिले असताना डेन्व्हरच्या जमाल मरेने बास्केट मारली आणि संपलं सगळं, सिरीज 4-1 ने त्यांची. त्याच सिरीजच्या दुसऱ्या मॅचमध्ये पण याच मरेने बझरवर, म्हणजे वेळ संपता संपता, विजयी शॉट मारलेला, आणि तेव्हा तर आपण 20 पॉइंटने पुढे होतो! त्याच्या आदल्या वर्षी याच डेन्व्हरने आपल्याला 4-0 ने घरी पाठवलेलं. माझ्या तोंडून "अरे नाही रे" एवढं जोरात निघालं की बायको किचनमधून धावत आली, तिला वाटलं घरून काही वाईट बातमी आली की काय.

3 मेला आमचा कोच डार्विन हॅमला काढल्याची बातमी आली. खरं सांगतो, आनंद नाही झाला. हाच माणूस पहिल्याच वर्षी टीमला वेस्टच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाच्या, फायनलपर्यंत घेऊन गेला होता. पण त्याची स्टार्टिंग फाइव्ह, म्हणजे मॅच सुरू करणारे पाच जण, सतत बदलायची, कोण कधी खेळणार काही कळायचं नाही, आणि त्या दुसऱ्या मॅचनंतर आपला स्टार अँथनी डेव्हिसच उघड बोलला की मधला काही वेळ आम्हालाच कळत नाही आपण काय करतोय. खेळाडूने हे बोलून दाखवलं की कोचचं काही खरं नसतं.

मग सुरू झाली वाट बघणं. आमचा 9 जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सगळे कोबी ब्रायंट लेकर्सकडून खेळायचा तेव्हापासूनचे, 2010 ची बोस्टनविरुद्धची सातवी मॅच पहाटे उठून बघितलेले. रोज सकाळी उठलं की पहिलं काम ग्रुप उघडायचा आणि बघायचं आज कुणाचं नाव चालू आहे. जेम्स बोरेगो, जेजे रेडिक, परत बोरेगो. बाहेरच्या माणसाला वाटेल कोच ठरवायला एवढं काय, पण आमचा लाडका कोच फिल जॅक्सन 2011 ला गेल्यापासून आम्ही माइक ब्राउन, डी'अँटोनी, बायरन स्कॉट, ल्यूक वॉल्टन, फ्रँक व्होगल, हॅम असे सहा कोच बघितले. त्यातल्या एकट्या व्होगलने 2020 ला ट्रॉफी दिली आणि दोन वर्षांत त्यालाही काढला. 2012 ची गोष्ट तर अजून सलते. अख्खं स्टेडियम फिलच्या नावाने ओरडत होतं, सगळे धरूनच चाललेले की फिल परत येतोय, आणि अर्ध्या रात्री त्याला फोन करून सांगितलं की डी'अँटोनीला घेतलंय. 2019 ला टाय ल्यू जवळजवळ ठरला होता, त्याला हवी होती 5 वर्षं, लेकर्स देत होते 3, तिथे फिस्कटलं. म्हणून नाव फुटलं तरी सही होईपर्यंत आम्ही कुणी विश्वास ठेवत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे म्हणत होते रेडिक नक्की, आणि अचानक 6 जूनला डॅन हर्ली! कनेटिकट युनिव्हर्सिटीला 2023 आणि 2024 लागोपाठ दोन वेळा चॅम्पियन केलेला माणूस. 6 वर्षं, 7 कोटी डॉलर, आपल्या हिशोबाने जवळपास 580 कोटी रुपये. मी त्या शनिवार-रविवारी त्याच्या टीमच्या जुन्या मॅचेस बसून बघितल्या, कॉलेजची पोरं पण बॉल नसताना कशी पळतात, एक स्क्रीन (आपल्या माणसासाठी डिफेंडरची वाट अडवणं) संपत नाही तोवर दुसरा, मन भरून आलं अगदी. मला हाच पाहिजे होता. आणि 10 जूनला तो नाही म्हणाला. एवढे पैसे सोडून कॉलेजमध्येच राहिला. दोन दिवस ग्रुपवर कुणी काही टाकलंच नाही.

आता उरला रेडिक. 15 वर्षं एनबीए खेळलेला, भारी शूटर, टीव्हीवर कॉमेंट्री, लेकर्सच्या स्टार लेब्रॉन जेम्सबरोबर पॉडकास्ट. आणि कोचिंग? तर मुलाच्या टीमला, म्हणजे 9-10 वर्षांच्या पोरांना शिकवलेलं, बास. ग्रुपवर सगळ्यांचा राग यावरच होता. पण माझं जरा वेगळं आहे, मी स्वतः ठाण्यात दर रविवारी सोसायटीच्या कोर्टवर त्याच वयाच्या मुलांना शिकवतो, पाच वर्षं झाली. एकदा शेजारच्या सोसायटीशी मॅच होती, 4 पॉइंटने मागे, मी टाइमआउट घेतला आणि खडूने खालीच प्ले काढला, मस्त, तू इथून कट मार, तू स्क्रीन लाव, बॉल इकडून तिकडे. मिनिट संपत आलं आणि आमचा एक डावखुरा पोरगा त्या रेघांकडे बघत म्हणाला, "सर, यात मी कुठे आहे?" मी चारच जण काढले होते. त्या दिवसापासून मी टाइमआउटमध्ये एकच गोष्ट सांगतो आणि प्रत्येकाला बोटाने दाखवतो की तू इथे. खेळ येणं वेगळं आणि मिनिटभरात पाच जणांच्या डोक्यात घालणं वेगळं, आणि हे लहान पोरांइतकं स्वच्छ कुणी शिकवत नाही. म्हणून रेडिकने पोरांना शिकवलंय ही मला कमी बाजू वाटलीच नाही.

भीती वेगळीच होती. लेब्रॉनचा मित्र. रेडिक त्याच्यापेक्षा फक्त सहा महिन्यांनी मोठा. आमच्या कॉलेजच्या टीमला एक वर्ष कॅप्टनचा दोस्त कोच होता, त्याने वर्षभरात कॅप्टनला एकदाही बेंचवर बसवलं नाही, डिफेन्सला परत पळत नसला तरी, आणि बाकीच्यांनी हळूहळू प्रॅक्टिसला येणं सोडलं. मी पण सोडलं शेवटी. तेच आठवत होतं सारखं.

20 जूनला नाव पक्कं झालं, 4 वर्षांचा करार. 24 ला त्याची पहिली पत्रकार परिषद, त्याच दिवशी त्याला 40 पूर्ण झाली. मी पूर्ण बघितली. नंतर त्याने नेट मॅकमिलन आणि स्कॉट ब्रूक्स हे दोन जुने हेड कोच आपल्या शेजारी बेंचवर घेतले, तेव्हा मी ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं की हे जमेल. नवीन माणसाने स्वतःपेक्षा जास्त पाहिलेली माणसं जवळ बसवली याला हिंमत लागते.

आणि जमलं की! 50 जिंकल्या, 32 हरल्या, वेस्टमध्ये तिसरे. मध्ये फेब्रुवारीत डेव्हिस गेला, त्याच्या बदल्यात लुका डॉन्चिच आला, अर्ध्या सीझनला टीमच बदलली, तरी डिफेन्स नीट उभा राहिला, टाइमआउटनंतरचे प्लेज तर मी वहीत उतरवून घेतलेत.

पण प्लेऑफ. मिनेसोटाविरुद्धची चौथी मॅच आपल्याकडे रविवारी रात्री एक वाजता. सकाळी मुलांची प्रॅक्टिस घेऊन दमलेलो तरी जागलो. दुसरा हाफ सुरू झाला, लेब्रॉन, लुका, रीव्हज, हाचिमुरा, फिनी-स्मिथ. तिसरा क्वार्टर संपला, आपण 10 ने पुढे, तेच पाच. मी मॅच सोडून बेंचकडे बघायला लागलो, आता उठवेल कुणाला, आता उठवेल. कुणीच उठलं नाही. 24 मिनिटं तेच पाच जण, शेवटी कुणाच्या पायात जीव उरला नव्हता, 116-113 ने गेली मॅच आणि पुढच्या मॅचला सिरीज पण. चुकलाच तो, शंभर टक्के चुकला. पण हे लेब्रॉनच्या मैत्रीखातर केलेलं नव्हतं, जिंकण्याच्या हट्टातून केलेलं होतं, ते दिसत होतं. त्या रात्री मॅच संपल्या संपल्या पावणेचारला मी ग्रुपवर टाकलं, कोच हाच राहू दे, बेंच वापरायला शिकेल. दोघांनी लगेच अंगठा दिला, बाकीचे झोपले होते.