डॅट स्कॅन आणि औषधांचा रकाना

हाताची थरथर पार्किन्सनची की नुसत्या इसेन्शियल ट्रेमरची (पार्किन्सनशी संबंध नसलेल्या थरथरीची), हे तपासून ठरेना, म्हणून न्यूरोलॉजिस्टनी डॅट स्कॅन, म्हणजे मेंदूतल्या डोपामाइन यंत्रणेचं चित्र काढणारी तपासणी, लिहून दिला. स्कॅनचं काही विशेष नाही. घोडं अडलं ते फॉर्मवरच्या 'चालू औषधं' या रकान्यापाशी.

मी नैराश्यासाठी ब्युप्रोपिऑन घेते. मेंदूतल्या ज्या डोपामाइन ट्रान्सपोर्टरला (डोपामाइन पेशीत परत ओढणाऱ्या प्रथिनाला) स्कॅनचा किरणोत्सारी पदार्थ चिकटतो, तिथेच हे औषधही जाऊन बसतं, मग चित्र फसवं येऊ शकतं. स्कॅन विभाग फोनवर 'बंद करून या' म्हणून मोकळा झाला. किती दिवस आधी? 'डॉक्टरांना विचारा.' न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, औषध मानसोपचारतज्ज्ञांचं, त्यांना विचारा. ते म्हणाले, थांबवू, पण स्कॅनची तारीख कळू दे. आणि विभाग म्हणे, औषध थांबवल्याची चिठ्ठी आणा, मग तारीख! ही टोलवाटोलवी संपली ती मी मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीतूनच विभागाला फोन लावून त्यांच्या हातात दिला तेव्हा. दोन मिनिटांत तारीख. तुम्हीही हेच करा, निरोप्या होऊ नका. मनानं मात्र गोळी सोडू नका.

तारखेबाबतचा हट्ट का, तेही मलाच खोदून विचारावं लागलं. स्कॅनच्या पदार्थातल्या किरणोत्सारी आयोडीन-१२३ चं अर्धायुष्य जेमतेम १३ तासांचं, म्हणजे तेवढ्यात ते निम्मं उरतं. डोस त्या दिवसापुरताच येतो, रुग्ण आला नाही तर वाया. हे आधी सांगितलं असतं तर मी इतकी चिडले नसते.

थायरॉइडच्या संरक्षणासाठी आधी औषध देतात. इंजेक्शननंतर स्कॅनपर्यंत तीन ते सहा तास जातात, पुस्तक न्या. पार्किन्सनवरची लेव्होडोपा सहसा थांबवावी लागत नाही, हेही विचारून घ्या.

निरोगी मेंदूत दोन स्वल्पविराम दिसतात, माझ्यात टिंबं होती. म्हणजे डोपामाइनच्या मज्जातंतूंची टोकं कमी झालीत, इसेन्शियल ट्रेमर नव्हे. पण एमएसए, पीएसपी या पार्किन्सनसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांमध्येही असंच दिसतं, त्यामुळे पार्किन्सनचा शिक्का डॉक्टरांनी तपासणीवरूनच मारला. पाठीतल्या पाण्यातल्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाची चाचणीही आहे. हजारावर लोकांच्या २०२३ च्या अभ्यासात पार्किन्सनच्या शंभरातल्या सुमारे ८८ जणांत ती पॉझिटिव्ह आली. मी विचारलं, आजार किती वाढला ते त्यातून कळेल? नाही म्हणाले. त्यासाठी अजून बोटं आपटून दाखवा, चालून दाखवा, हेच.

आणि हो, अहवालासोबत चित्रांची सीडी मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांना नुसता कागद पुरत नाही.