आमची वाटचाल : पोलोचा सीझन गणपतीनंतरच सुरू होतो

आम्हाला अजूनही दर लग्नसराईत फोन येतात, "घोडा मिळेल का हो वरातीला?" नाही मिळत. घोडे आहेत आमच्याकडे, पण ते पोलोचे आहेत, आणि बँडबाजासमोर त्यातला एखादा उभा केला तर नवरदेव मांडवात न जाता थेट पुढच्या गावाला पोचायचा.

आमचे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. पुण्याची रेस जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, मग सगळा लवाजमा मुंबईला महालक्ष्मीला, असं त्यांचं आयुष्य गेलं. लहानपणापासून एक गोष्ट बघत आलो की रेसमधून निघालेला घोडा जेमतेम पाच-सहा वर्षांचा असतो, जगतो वीस-पंचवीस वर्षं, मधल्या काळात त्याचं करायचं काय हा प्रश्न कुणालाच नको असतो. रेसमध्ये जो "स्लो" म्हणून बाहेर पडला तो पोलोच्या मैदानावर भरपूर फास्ट असतो, हे मात्र वडिलांना माहीत होतं. तिथून आमचा धंदा सुरू झाला. पुण्याबाहेर भाड्याची जमीन, वर पत्रा, खाली भाताचा पेंढा, आणि वडिलांच्या ओळखीने स्वस्तात मिळालेले तीन थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचे घोडे. एका बँकेत गेलो तर साहेब म्हणाले गाय-म्हशीला स्कीम आहे, घोड्याला नाही, म्हणून मग बायकोचे दागिने.

सुरुवातीला आम्ही घोडा चक्करवर भाड्याने द्यायचो. ज्यांना पोलो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, घोड्यावर बसून लांब दांड्याच्या हातोडीने, म्हणजे मॅलेटने, बॉल मारत गोल करायचा खेळ. एका टीमला चार जण, आणि खेळ सात-सात मिनिटांच्या डावांत, त्या एका डावाला चक्कर म्हणतात. मैदान ३०० यार्ड लांब, म्हणजे फुटबॉलची दोन मैदानं लांबीला जोडली तरी कमी पडतील, आणि घोडा सात मिनिटं त्यात पळतो, थांबतो, गर्रकन वळतो, परत पळतो. म्हणून दर चक्करला घोडा बदलतात. चार चक्करची मॅच असेल तर एका खेळाडूला कमीत कमी दोन घोडे लागतात, दोघांना आलटून पालटून विश्रांती. ज्यांचे स्वतःचे नाहीत ते आमच्यासारख्यांकडे येतात. कागदावर धंदा झकास. पण घोडा बारा महिने खातो आणि पैसे येतात थंडीचे तीन-चार महिने, आणि त्यातही ऐन सीझनमध्ये एक लंगडायला लागतो, दुसऱ्याची पाठ धरते, मग घेतलेले पैसे परत करा वर डॉक्टरचं बिल भरा. आमचे डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, तुम्ही सारखी घोड्याची पाठ दाखवता, त्याच्यावर बसतं कोण ते दाखवा की. खरं होतं. घोडे फिट होते, माणसं नव्हती. सोमवार ते शनिवार ऑफिसात खुर्चीत बसलेला माणूस रविवारी घोड्यावर बसला की दुसऱ्या चक्करला त्याचे पाय संपतात, मग तो तोल सांभाळायला लगामाला लोंबकळतो आणि खोगिरात धपाधप आपटतो. ते सगळं जातं घोड्याच्या तोंडात आणि पाठीत.

तेव्हा ठरवलं की नुसता घोडा द्यायचा नाही. सीझनच्या आधीचे आठ आठवडे घोडा आणि रायडर दोघांनी आमच्याकडे तयारी करायची, त्याचे वेगळे पैसे, आणि जो तयारीला येणार नाही त्याला सीझनला घोडा नाही. मित्रांनी वेड्यात काढलं. पहिल्या वर्षी निम्मे कस्टमर गेले. एकाने तर सांगितलं मी पैसे देतोय ना, मग तुम्ही मला काय शिकवता. गेला तो दुसरीकडे. जाऊ दे.

आता तयारी म्हणजे काय ते. पावसाळ्यात आमचे घोडे सुट्टीवर असतात. नाल काढून टाकतो, खूर मोकळे वाढू देतो, फक्त ओलाव्यात उभं राहून खुराच्या तळाचा मऊ भाग सडायला लागत नाही ना ते रोज बघावं लागतं, वास आला की समजायचं. गणपती गेले की नालबंद येतो. पुढच्या पायांना कड असलेली हलकी नाल, मागच्यांना टाचेशी छोटी खुंटी, म्हणजे वळताना घसरत नाही. मग पहिले दोन आठवडे फक्त चाल. रोज अर्धा तास, मग पाऊण, मग तास. बघणाऱ्याला वाटतं हे काय म्हाताऱ्यांसारखं फिरवतायत, पण घोड्याचा दम तीन-चार आठवड्यांत येतो, टेंडन आणि हाडं कडक व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि सगळा घोळ इथेच होतो, घोडा जोरात पळायला तयार दिसतो आणि पाय आतून तयार नसतात. त्यानंतर दुडकी, मग पाचव्या आठवड्यापासून कँटर (दुडकीपेक्षा जोरात, पण भरधाव नाही), आणि शेवटच्या दोन आठवड्यांत हळू चक्कर. एका घोड्यावर बसून दोन बाजूंना दोन घोडे घेऊन चालवतो, याला सेट म्हणतात, वेळ वाचतो आणि घोडे एकमेकांना खेटून पळायला शिकतात. पोलोत ते लागतंच.

दम आलाय की नाही ते डोळ्याने ठरवत नाही. काम झाल्यावर जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून पंधरा सेकंद मोजायचं, गुणिले चार. आरामात उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला तीस ते चाळीसच्या आसपास असतात. कामानंतर दहा-पंधरा मिनिटांत साठच्या खाली आले तर पुढच्या आठवड्याचं काम वाढवायचं, नाही आले तर तेच रिपीट. खाणंही कामाप्रमाणेच, ओट्स, थोडा भिजवलेला हरभरा, कोंडा, लसूणघास, मीठ. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा करायचा. हे न केल्याने चांगले चांगले घोडे सोमवारी सकाळी मागून लाकडासारखे आखडतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते, डॉक्टर येईपर्यंत जीव टांगणीला.

रेसवरून आलेल्या नव्या घोड्याचं अजून वेगळं. रेसमध्ये जॉकीने लगाम ताणला की घोडा त्यावर रेलून अजून जोरात पळतो, त्याला तेच शिकवलेलं असतं. पोलोत डाव्या हातात सगळे लगाम, उजव्यात मॅलेट (डावखुऱ्यानेही उजव्यानेच खेळायचं, समोरासमोर टक्कर नको म्हणून तसा नियमच आहे), आणि मानेला लगाम नुसता टेकला की घोडा वळला पाहिजे, रायडर मागे बसला की थांबला पाहिजे. असा घोडा सीझनला द्यायला आम्ही निदान एक वर्ष तरी घेतो. काही जण तीन महिन्यांत विकतात. विकोत बापडे.

रायडरची तयारी मात्र लाकडी घोड्यावर. गावच्या सुताराकडून करून घेतलाय, चारही बाजूंनी जाळी आणि खालची फळ्यांची जमीन सगळीकडून उतरती, त्यामुळे मारलेला बॉल घरंगळत परत पायाशी येतो. मोठमोठे साहेब पहिल्या दिवशी त्यावर बसायला लाजतात. रिकिबीत उभं राहून, गुडघ्याने पकड ठेवून, कमरेतून वळून मारायचं. हातोडीच्या टोकाने नाही, तिच्या लांब बाजूने मारायचं असतं, आणि जोर हाताचा नसतो, घोड्याच्या वेगाचा असतो, हे समजायलाच दोन आठवडे जातात. त्यासोबत रिकिबी न घेता दुडकी, रोज दहा मिनिटं, यात सगळेच आम्हाला शिव्या देतात. आणि संध्याकाळी टेबलावर मीठदाणी आणि काड्यापेट्या मांडून बॉलची लाइन शिकवतो. बॉल ज्या रेषेत चाललाय त्या रेषेवर ज्याचा हक्क त्याच्यासमोरून आडवं जायचं नाही, पोलोतले बहुतेक फाउल आणि जवळजवळ सगळे भयानक अपघात यातलेच.

आमच्याकडे मामा आहेत, वडिलांबरोबर रेसकोर्सवर होते. बँडेज बांधायचा धडा ते घेतात. रायडरने स्वतः बांधायचं, गुडघ्याच्या खालपासून सुरू, प्रत्येक वेढा सारखा, खाली घोट्यापर्यंत आणि परत वर. मग मामा वरून एक बोट आत घालून बघतात. बोट सहज गेलं तर "साहेब, हे मैदानात सुटणार." गेलंच नाही तर काही न बोलता सगळं सोडून गुंडाळी परत हातात देतात, कारण जास्त आवळलेल्या बँडेजने टेंडनला सूज येते. एक मोठे डॉक्टर (माणसांचे) आमच्याकडे खेळतात, त्यांच्याही हातात मामांनी गुंडाळी परत दिलीय. शेपूट वेणी घालून वर बांधायची आणि आयाळ भादरायची, म्हणजे मॅलेट आणि लगाम अडकत नाही, हे पण रायडरच करतो. स्वतःच्या हाताने केलं की घोड्याच्या पायाला हात लावायची सवय होते, गरम लागला तर खेळायच्या आधी कळतं.

तीन सीझन लागले गणित जुळायला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर चारा आणायचा पास काढण्यापासून सगळं, कस्टमर शून्य, घोडे तेवढेच. तेव्हा तयारीवाल्या जुन्या चार-पाच जणांनी पुढच्या सीझनचे पैसे आधी पाठवले, नाहीतर आज हे लिहायला आम्ही नसतो. आता वर्षाच्या उत्पन्नात तयारीचा वाटा चक्करच्या भाड्यापेक्षा जास्त आहे आणि डॉक्टरचं बिल बायको मोठ्याने वाचून दाखवत नाही.

मुंबईत महालक्ष्मीला अॅमॅच्युअर रायडर्स क्लबच्या ग्राउंडवर खेळायला जातो तेव्हा ग्लँडर्सचे (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) रक्ताचे रिपोर्ट आधी तयार ठेवतो आणि रात्री उशिरा निघतो, घाटात ट्रॅफिक कमी आणि हवा थंड म्हणून. पोचल्यावर पहिला दिवस फक्त चालवायचं, पाणी पाजायचं, ताप बघायचा. तिथल्या दमट हवेत काही घोड्यांना घाम येणंच बंद होतं, अंग कोरडं आणि धाप चालूच, असा घोडा कितीही तयार असला तरी आम्ही खेळवत नाही. कॅप्टन चिडतात. एक राखीव घोडा नेतोच.

या वर्षी गणपतीनंतरच्या बॅचला चारच रायडर घेणार, घोडे तेवढेच आहेत. हेल्मेट आणि नी-गार्ड स्वतःचे आणा, बाकी सगळं इथे मिळेल. पोलो आधी खेळलेला असलात तरी पहिला आठवडा लाकडी घोड्यावरच, यात सूट नाही, विचारू नका.