तुम्ही विचारलंत म्हणून: गोठलेल्या धुळीवर अणू फिरतात कसे?

हिवाळ्यात गंगापूर धरणाच्या बाजूला दुर्बीण लावली आणि मृगाच्या तेजोमेघामागच्या थंड, काळ्या ढगाविषयी सांगितलं, की कोणीतरी विचारतंच: "सर, उणे २६३ अंशांत सगळं थिजून जायला हवं. मग तिथे रेणू बनतात कसे?"

प्रश्न रास्त आहे. निफाडला पारा चार अंशांवर घसरला तरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. पण थंडीत सगळे अणू सारखे थिजत नाहीत.

त्या ढगातला धुळीचा कण साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. आत सिलिकेट किंवा कार्बन, वर बर्फाचा थर. या बर्फाचे रेणू स्फटिकासारखे ओळीत नसतात, कसेही साचलेले असतात, त्यामुळे पृष्ठभागावर उथळ-खोल खळगे पडतात. अशा कणावर हायड्रोजनचा अणू येतो तो दिवसाकाठी एखादा. आला की खळग्यात बसतो. बर्फाच्या थरथरीतून पुरेशी ऊर्जा मिळाली तर कड ओलांडून शेजारी जातो. नाही मिळाली तरी तो इतका हलका, की त्याचं तरंगरूप कडेपलीकडे पसरलेलं असतं आणि वर न चढताच तो पलीकडे सापडू शकतो. हेच क्वांटम टनेलिंग. खळगा खोल असेल तर मात्र तोही अडकून पडतो.

असं फिरताना दुसरा हायड्रोजन भेटला की जोडी जमते. पोकळीत ती टिकत नाही, कारण जुळताना निघणारी साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा टाकायला तिथे कोणी नसतं. इथे तिचा बराच भाग कण पचवतो. आकाशगंगेतले बहुतेक हायड्रोजन रेणू असेच जन्मले, आणि मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही.

याच बर्फात अडकलेला कार्बन मोनॉक्साइड तर जागचा फारसा हलतही नाही. हायड्रोजनच त्याच्यापाशी येतो. एकामागून एक चार जोडले गेले की मिथेनॉल. २००२ साली जपानच्या होक्काइडो विद्यापीठात वातानाबे आणि कोउची यांनी १० केल्विनच्या, म्हणजे त्याच उणे २६३ अंशांच्या बर्फावर हे घडवून दाखवलं.

कार्बनचा अणू जड, त्याची चाल मंद. होक्काइडोतल्याच २०२३च्या प्रयोगात तो साधारण २२ केल्विनच्या वर फिरताना दिसला. जवळ नवा तारा तापू लागला की धूळ तेवढी ऊबदार होते. हायड्रोजन तोवर बर्फावरून उडून जाऊ लागतो, आणि कार्बनला कार्बन जोडण्याची वाट खुली होते.