तुळईतली कडी आणि आमचं काट्याचं दुकान

आमच्या वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानात आलात की आधी वर बघा. सागवानी तुळईत मनगटाएवढी जाड लोखंडी कडी आहे. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, इथं झोपाळा होता काय? झोपाळा नव्हता ओ, तागडी होती, एकेका पारड्यात माणूस बसंल एवढी. सांगलीच्या गणपती पेठेतली ही इमारत मुळात हळद-गुळाच्या अडत पेढीसाठीच बांधलेली, खाली माल, माडीवर गादी-तक्के आणि हिशेबाच्या वह्या, मागं बैलगाड्या सोडायला पटांगण, आणि सगळं दगडी जोत्यावर, रस्त्यापासून पाच पायऱ्या वर. कृष्णेवरचा आयर्विन पूल झाला १९२९ ला. त्याच्या आधी सांगलवाडीकडनं माल नावेत घालून घाटावर आणायचे आणि मग तो याच कडीखाली तोलला जायचा, असं आजोबा सांगायचे.

आजोबांना सगळी पेठ अप्पा म्हणायची. ते पेढीचे मालक वगैरे काही नव्हते, तोलार होते, म्हंजे माल तोलून देणारे. दांडी वाकली नाहीतर पारड्याची साखळी तुटली की दुरुस्त होऊन येईस्तोवर सौदे अडून राहायचे, म्हणून अप्पा स्वतःच ठोकाठोकी शिकले, मग शेजारचे पेढीवाले पण "अप्पा जरा बघा की" म्हणून आणून टाकायला लागले. आमच्या धंद्याची सुरवात ही एवढीच.

पण खरा धंदा दिला तो किलोनं. तोपर्यंत ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण, म्हंजे आजच्या हिशेबात ३७ किलो ३२४ ग्रॅम. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं दशमान वजनं यायला लागली, १९६२ ला सक्तीची झाली, म्हंजे बघा, अख्ख्या बाजाराची वजनं बाद! अप्पांनी लायसन काढलं, पेढीच्या जिन्याखालची खोली भाड्यानं घेतली आणि तोलारकी सोडली. आज्जी म्हणे महिनाभर बोलत नव्हती.

लोखंडी वजन कधी उलटं करून बघितलंय का? खाली भोक असतं, त्यात शिसं भरलेलं. वजन वापरून झिजलं की तिथं थोडं शिसं घालायचं, जास्त भरलं तर खरवडायचं, आणि मग वजनमापाचा इन्स्पेक्टर त्या शिशावरच शिक्का मारतो. सगळी चोरी पण तिथंच होते. म्हणून अप्पांचा एक नियम होता, शिशाला हात लावायचा तर गिऱ्हाईक समोर बसलेलं पाहिजे. गडबडीत असला तरी बसवायचेच, चहा आमच्याकडनं. चहाच्या बिलावरनं आण्णा, म्हंजे माझे वडील, आणि अप्पा यांची जन्मभर कुरबुर चालली.

पुढं बाजार मार्केट यार्डात गेला आणि पेढी बसली. मालकांनी खाली गाळे पाडले, एकात टेलर, एकात वह्यांचं दुकान, माडीवर टायपिंगचा क्लास. कडीखालचा पुढचा गाळा आण्णांनी पागडीनं घेतला. टायपिंगची खडखड वर आणि आमची ठोकाठोकी खाली, टेलर बिचारा कसा माप लिहून घ्यायचा त्यालाच ठाऊक.

इलेक्ट्रॉनिक काटे मी आणले. आण्णांचा विरोध, "ज्याला आत काय चाललंय दिसत नाही तो काटा कसला?" आणि नेमका पहिला लॉट निघाला खराब, लाइट कमीजास्त झाली की आकडे नाचायचे, कंपनीनं फोन घेणं बंद केलं, सतरा काटे मी पदरचे पैसे घालून बदलून दिले. आण्णा एका शब्दानं बोलले नाहीत, ते जास्त लागलं. नंतर बोर्ड आणि लोड सेलचं, म्हंजे आतल्या वजन ओळखणाऱ्या भागाचं, काम शिकलो. या काट्यांचं पासिंग, म्हंजे सरकारी तपासणी आणि शिक्का, दरवर्षी करावं लागतं, लोखंडी वजनांना दोन वर्षांनी, त्यामुळं काम बारमाही मिळालं.

आणि मग पूर. आयर्विन पुलाखाली कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोका. २००५ ला पाणी पाच पायऱ्या चढून काउंटरवर आलं. आता ह्याच्या वर कुठलं येतंय, म्हणून आम्ही रेघ मारून ठेवली. २०१९ च्या ऑगस्टला ५७ फुटांच्या पुढं गेलं आणि आमच्यात पार दाराच्या चौकटीला टेकलं. २०२१ ची रेघ त्या दोन्हींच्या मधी आहे. २०१९ ला इलेक्ट्रॉनिक माल सगळा भंगारात गेला, आणि अप्पांच्या वेळची लोखंडी वजनं? चिखलातनं काढली, रॉकेलनं पुसली, गंजानं जेवढी हलकी झाली तेवढं शिसं घातलं, परत पास. आण्णा त्या दिवशी हसले, बऱ्याच दिवसांनी.

शेजारची तशीच इमारत पाडून आता शटरचं कॉम्प्लेक्स झालंय. आमचे मालक पण अधनंमधनं विषय काढतात, माणूस चांगला आहे, कौलं गळतात ते त्यांनाही परवडत नाही. मी एकच म्हणतो, स्लॅबमधी मला अशी कडी देणारा इंजिनिअर दाखवा. कारण तासगावचे बेदाणेवाले हँगिंग काटे चेकिंगला आणतात ते मी तिथंच अडकवतो, खाली २०-२० किलोची वजनं लावत जायचं, पाव टनाला पण ती कडी हूं की चूं करत नाही.

ह्या वर्षी वायरिंग नवीन केलं. सगळे पॉइंट २०१९ च्या रेघेच्या वर घेतलेत. वायरमन म्हणाला, शेठ, बटण दाबायला स्टूल लागंल. म्हटलं लागू दे, लोखंडी घेऊ.