तुम्ही विचारलंत म्हणून : जूनमध्ये ही कसली सुट्टी?

१९ जून जवळ आला की पुण्याच्या टीममधून कुणीतरी विचारतंच, अगं आता कसली सुट्टी, चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, वेळ आहे की अजून! मी राहते अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसजवळ, फोर्ट वर्थ शेजारीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ही जूनटीन्थ. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, पण तेव्हा यादवी युद्ध चालू होतं, आणि बंडखोर दक्षिणेतल्या टेक्सासमध्ये तो मानतंय कोण? शेवटी केंद्र सरकारचं सैन्य टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदराला आलं आणि १९ जून १८६५ ला हुकूम निघाला, गुलाम आता मोकळे. म्हणजे कागदावर सुटका झालेली माणसं अडीच वर्षं राबतच होती. इथले काळे लोक तेव्हापासून हा दिवस साजरा करतात, राज्याची सुट्टीही १९८० पासून आहे, देशाची मात्र नव्हती.

ती व्हावी म्हणून झटल्या त्या ओपल ली. फोर्ट वर्थच्या निवृत्त शिक्षिका. १९३९ मध्ये त्या बारा वर्षांच्या असताना आईवडिलांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं आणि जमावाने येऊन ते फोडलं, सामान जाळलं. तारीख कुठली, तर १९ जूनच! तो प्लॉट पुढे एका घरबांधणी संस्थेकडे गेला होता, आजींनी तो विकत मागितला तर त्यांनी दहा डॉलरला दिला आणि २०२४ मध्ये वर घरही बांधून दिलं.

२०१६ ला, नव्वदीला टेकल्यावर, ह्या बाई देशभर सुट्टी मिळावी म्हणून स्निकर्स घालून वॉशिंग्टनच्या दिशेने निघाल्या. सगळं अंतर पायी नाही हं, जिथे बोलावणं येईल तिथे अडीच मैल चालायचं, अडीच वर्षांचे अडीच मैल. काय डोकं आहे! मग त्याच मागणीसाठी ऑनलाइन सह्या, पंधरा लाखांच्या घरात.

एकट्या त्यांच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, बरेच जण वर्षानुवर्षं मागे लागले होते आणि २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड ह्या काळ्या माणसाचा पोलिसाच्या हातून खून झाल्यानंतर हवाच पालटली. पण हवा पालटली तेव्हा सह्यांचा गठ्ठा घेऊन दारात आधीच कोण बसलेलं होतं, तर ह्या आजी. सुट्टीचं विधेयक सिनेटमध्ये एकमताने पास, हाऊसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) ४१५ विरुद्ध १४ (हे चौदा कोण ते शोधा तुम्हीच), आणि १७ जून २०२१ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडननी सही केली, तेव्हा ९४ वर्षांच्या आजी समोरच होत्या.

आणि हो, सुट्टी सगळ्यांना नसते. पोस्ट आणि बहुतेक बँका बंद, खाजगी कंपन्यांची आपापली मर्जी. माझ्या ऑफिसला आहे, नवऱ्याच्या नाही, त्यामुळे त्याचे कॉल सकाळपासून चालूच असतात.