ऑर्डर यायचीय अजून

आज सकाळी सकाळीच नेदरलँड्सहून धाकटीचा फोन, ताई ऑर्डर आली का गं? एक पोरगी दत्तक घेतीय ना ती, त्याची ऑर्डर. मी सांगलीत बसून काय सांगणार कप्पाळ! मॅचिंग झालं म्हणजे पोरगी ठरली, दत्तकाचं बघणाऱ्या सरकारी संस्थेची, काराची, एनओसी पण आली, आता पोरगी ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कलेक्टरसाहेबांची ऑर्डर राहिलीय, 2022 पासून हे काम कोर्टाकडून त्यांच्याकडे आलंय म्हणून पटकन होईल वाटलेलं तर कसलं काय. मग पासपोर्ट आहेच. दाजी म्हणे परदेशी दत्तकासाठी देशादेशांत हेग कन्व्हेन्शन नावाचा करार आहे, त्याच्यामुळं दोन्ही देशांची मंजुरी लागती, बरंच आहे म्हणा, पोरं विकणाऱ्यांना आळा तरी बसतो. पण आई ऐकतीय होय! दुपारी कापडपेठेत जाऊन झबली नि कुंची घेऊन आली, पोरगी दोन वर्षांची आहे हे शंभरदा सांगून. आता उद्या बदलून आणायला मलाच जायचंय, नि दुकानदार घेईल असं काय वाटत नाही.